रंग सुकेपर्यंत

शीलाबाईंच्या काळ्या मसाल्याच्या पाकिटावर पाच रंग होते. लाल मिरची, काळी अक्षरं, हिरवी कोथिंबीर, पिवळी हळकुंडं, आणि पाचवा तपकिरी रंग लवंगांसाठी. या लवंगा पाकिटाच्या खालच्या कोपऱ्यात होत्या आणि भिंग घेऊन बसल्याशिवाय कुणाला दिसत नव्हत्या. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, "मसाला घ्या आणि घरी जाऊन लवंगा शोधा, पोरांचा वेळ चांगला जाईल."

मी जिनेश. शहाद्याला एसटी स्टँडच्या जवळ आमचं किराणा दुकान आहे. आमचं कूळ मूळचं मारवाडचं, पण मी गल्ल्यावर बसून अहिराणीत भांडतो, म्हणजे आता इथलाच धरायचा. दुसऱ्यांचा माल विकण्यात जन्म चालल्यामुळे मला प्रत्येक पाकिटाबद्दल मत असतं आणि ते मी न विचारता सांगतो. शीलाबाईंना मी काकू म्हणतो. त्यांनाही सांगून थकलो होतो, "काकू, मसाल्याला चव एक पुरे, पाकिटाला रंग दोन पुरे. ही काय रांगोळी काढायची जागा आहे?" त्या हसायच्या आणि पुढच्या दिवाळीला आणखी एक रंग वाढवून आणायच्या.

बाजाराच्या दिवशी तापीकाठच्या त्यांच्या गावाहून सकाळच्या एसटीने त्या यायच्या. साठीच्या पुढच्या, अंगाने ताठ, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हातात मसाल्याची जड पिशवी. नवरा पाटबंधारे खात्यात होता, घरची जमीनही बरी होती. तो गेला आणि जमीन बटाईने गेली. मुलगा भाग्येश सुरतेला कापडाच्या गिरणीत इंजिनिअर आहे, सून चेतना तिथेच शाळेत शिकवते. गावात शीलाबाईंचं स्लॅबचं घर आहे, वर पाण्याची टाकी, दाराला लोखंडी ग्रिल. तसं घरात काही कमी नाही. शेजारच्या दोन्ही घरांना मात्र कुलूप असतं, कारण त्यांचीही माणसं सुरतेला आहेत, आणि समोरच्या म्हाताऱ्याला ऐकू येत नाही.

घर खायला उठायला लागलं तेव्हा त्यांनी मसाला करायला घेतला. नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे मिरची पसरायच्या मोकळ्या मैदानात, वाळलेली मिरची आणायची, देठं खुडायची, मसाले एकेक करून भाजायचे आणि घरच्याच छोट्या चक्कीवर दळायचे. चक्की बिघडली तर त्या स्वतःच खोलून दुरुस्त करायच्या. मसाला अव्वल असतो. मी विकतो म्हणून सांगत नाही. आमच्याकडे कांदा-लसूण चालत नाही, म्हणून त्या आमच्या घरापुरता वेगळा घाणा करतात आणि माझी बायको शिखा तो डबा पाहुण्यांपासून लपवून ठेवते.

दुकानात आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य नेहमी फाटकं यायचं. "जिनेशभाऊ" म्हणायच्या आणि 'जि' घशातच अडकायचा. मग खाकरायच्या, पदर तोंडाला लावायच्या आणि पुन्हा म्हणायच्या. मी समजायचो, मिरचीचा खकाणा बसलाय घशात. मी त्यांना बरणीतली खडीसाखर द्यायचो. त्या ती तोंडात टाकायच्या, माझा मान ठेवायच्या, आणि थोड्या वेळाने आवाज सुटायचा. कितीतरी बाजार मी खडीसाखर देत राहिलो.

आता पाकिटाकडे येतो, कारण सगळं रामायण पाकिटाचंच आहे.

सुरुवातीला त्यांनी छापील कागदी लेबलं आणली होती. कोरं पाऊच घ्यायचं, मसाला भरायचा, घरी बसून लेबल चिकटवायचं. लेबल चांगलं होतं, तेलानेही सुटत नव्हतं. पण ते काम त्यांनी लवकरच सोडून दिलं. का सोडलं विचारलं तर म्हणाल्या, "घरमा बठीसनी चिकटाडनं, ते बी एकलीनी." मला वाटलं, कंटाळा आला असेल.

मग त्या हेमराजकडे जायला लागल्या. हेमराज माझ्या दुकानामागच्या गल्लीत राहतो. पुढच्या खोलीत त्याचं स्क्रीन प्रिंटिंग आणि मागच्या ओट्यावर बायको जसोदाबाईचा संसार. लग्नाच्या पिशव्या, कापूस जिनिंगच्या गोण्या, शाळेच्या स्पर्धांची बनियनं, जे सपाट असेल त्यावर हा माणूस छापतो. लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी असते. जिथे छापायचं तिथे जाळी उघडी, बाकीची बंद. खाली पाऊच ठेवायचं, वर शाई ओतायची, रबराच्या पट्टीने एकदा ओढायची. झालं एक पाऊच. उचलून वाळत टाकायचं आणि दुसरं घ्यायचं. एका जाळीतून एकच रंग येतो. दुसरा रंग हवा असेल तर पहिला सुकेपर्यंत थांबायचं, नाहीतर सगळं फासतं.

शीलाबाई दर बाजाराला पाऊचची एक छोटी चळत घेऊन त्याच्याकडे जायच्या. शहाण्या माणसाने वर्षाची पाऊचं एकदम छापून घेतली असती. हेमराजही सुरुवातीला म्हणाला होता की वहिनी, दर खेपेला जाळी धुवायची, शाई काढायची, मला परवडत नाही. त्या म्हणाल्या, परवडेल तसं घ्या, पण मला लागतील तेवढीच छापा. पुढे त्यानेही बोलणं सोडलं. पहिल्या वर्षी फक्त लाल होता. मग काळा आला, मग हिरवा, मग पिवळा, आणि गेल्या वर्षी त्या लवंगा.

रंग वाढले तशी भानगड वाढली. हाताने छापलेलं पाऊच दर वेळी जाळीखाली केसभर तरी सरकतं. एखाद्या पाकिटावर मिरचीचा लाल तिच्या काळ्या रेघेच्या बाहेर सांडलेला असायचा, एखाद्यावर कोथिंबीर अक्षरांवर चढलेली असायची. गिऱ्हाईक दोन पाकिटं शेजारी धरून मला विचारायचं, "शेठ, यामा असली कोणतं शे?" मी तरी काय सांगणार?

असं असताना सुरतेतल्या एका मोठ्या दुकानवाल्यांनी मसाला मागितला. भाग्येशनेच नमुना नेऊन दिला होता. चव आवडली, पण त्यांनी दोन अटी घातल्या. सगळी पाकिटं एकसारखी हवीत आणि त्यावरचा बारकोड मशीनला वाचता आला पाहिजे. हेमराजने छापलेल्या बारकोडच्या काड्या जाड-बारीक यायच्या आणि मशीन नुसतंच लाल डोळा करून बघत राहायचं.

भाग्येश एका रविवारी गाडी घेऊन आला आणि आईला घेऊन माझ्या दुकानात बसला. मला सल्ला विचारला, म्हणजे माझा सणच. मी गल्ल्यावरून खाली उतरलो आणि सुरू झालो. म्हटलं, एक रस्ता डिजिटल. संगणकातून सरळ छपाई, थोडी पाऊचंही करून देतात, पण दर पाऊचमागे महाग पडतं. दुसरा फ्लेक्सो. रबरासारखा मऊ ठसा असतो, खोक्यांना, साध्या पिशव्यांना झकास, पण मिरचीचा फोटो हवा तसा उठायला कारागीर चांगला लागतो. तिसरा ग्रेव्हुअर. तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी सिलिंडरवर चित्र खोदतात, एका रंगाला एक सिलिंडर. छपाई अशी की मिरची हातात घ्यावीशी वाटेल. फक्त ते लोक थोडा माल छापत नाहीत, खोलीभर घ्यावा लागतो.

"सिलिंडरच करनं शे," भाग्येश म्हणाला. त्याने गिरणीच्या ओळखीने एक छापखाना बघूनही ठेवला होता. मोबाइलवर त्याने आईला मशीन चालतानाचा व्हिडिओ दाखवला. पाऊचच्या प्लास्टिक फिल्मचं पांढरं पाणी वाहतंय असं वाटत होतं. "आई, या टोकले कोरी फिल्म जास, त्या टोकले बठ्ठा रंग सुकीसनी बाहेर पडतस."

"सुकाले येळ नही लागत?" शीलाबाईंनी विचारलं.

"गरम हवा ऱ्हास ना. डोळा मिटाना आत सुकी जास. आणि एकदाव सिलिंडर खोदं, का जलमभर दखानं काम नही."

शीलाबाईंनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. नीट बघितला. मग म्हणाल्या, "मंग लोके बठतस कोठे?"

आम्ही दोघंही हसलो. भाग्येश म्हणाला, आई, तो कारखाना आहे, तिथे कोण कशाला बसेल? त्याही हसल्या. खडीसाखर तोंडात होती, ती त्यांनी कडकन चावली.

त्यानंतरच्या बाजाराला मला दुकानाच्या पिशव्या छापायला टाकायच्या होत्या, म्हणून दुपारी मी हेमराजकडे गेलो. पुढच्या खोलीत तो नव्हता. मी हाक मारत आतून मागच्या ओट्यावर गेलो आणि दारातच थांबलो.

ओट्यावर दोऱ्या बांधून, खाटांवर, सुपात, जिथे जागा मिळेल तिथे पाऊचं वाळत टाकलेली होती. त्यांच्या मधोमध शीलाबाई आणि जसोदाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. शीलाबाई काहीतरी सांगत होत्या. नवरा कालव्यावर असताना बंगल्यात विंचू निघाला होता आणि साहेब खुर्चीवर चढले होते, असलं काहीतरी. साहेबाची नक्कल करताना त्यांनी पदर कमरेला खोचला होता. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण हा आवाज ऐकला नव्हता. खणखणीत, चढउतारांचा, मध्येच हसून फुटणारा. जसोदाबाई डोळे पुसत होती. स्टोव्हवर चहा चढला होता.

हेमराज भिंतीला टेकून तंबाखू मळत होता. मी शेजारच्या दोरीवरचं एक पाऊच बोटाने चाचपलं. लाल रंग खडखडीत सुकलेला. नखाने खरवडलं तरी निघेना. मी म्हटलं, "अरे, हे तर केव्हाच सुकलं. दुसरा रंग मारत का नाहीस?"

हेमराजने माझ्याकडे बघितलं, मग त्या दोघींकडे, आणि मोठ्याने म्हणाला, "रंग सुकना नही आजून, जिनेशभाऊ."

मग मला पुढच्या खोलीत नेऊन त्याने शाईचा डबा दाखवला. उन्हाळ्यात शाई जाळीतच वाळून भोकं बुजतात, म्हणून तिच्यात रंग उशिरा सुकवणारं एक पातळ औषध घालतात. हेमराज शीलाबाईंच्या शाईत ते थंडीतही घालतो, आणि हात सैल सोडून घालतो.

"आणि तरी लवकर सुकना, ते मी सांगस का सुकना नही," तो म्हणाला. "आठे येतस ते त्या बोलतस. गावमा कोनासंगे बोलतीन?"

मला त्या लवंगा आठवल्या. एकेक रंग म्हणजे ओट्यावरची एकेक बैठक होती. लाल सुकेपर्यंत चहा, काळा सुकेपर्यंत मेथी, हिरवा सुकेपर्यंत विंचू आणि साहेब. ज्या दिवसांत फार एकटं वाटलं असेल त्या दिवसांनंतर त्यांनी एक रंग वाढवला असेल. आणि घशातला तो खकाणा मिरचीचा नव्हता. आदल्या बाजारापासून तो आवाज कुणी वापरलाच नव्हता, म्हणून फाटायचा. मी त्यावर खडीसाखर देत होतो.

मला फार वाईट वाटलं, आणि मग राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. भाग्येश वाईट मुलगा नाही. दर रविवारी फोन करतो, औषधं पाठवतो, सुरतेला चल म्हणून मागे लागतो. त्या एकदा जाऊनही आल्या. सकाळी दोघं कामावर गेले की नवव्या मजल्यावर दार लावून शुकशुकाटात बसायचं. "तठला सिमसिमाट आठल्यापेक्षा मोठा शे," एवढंच त्या परतल्यावर बोलल्या होत्या.

कुणी म्हणेल, मग छपाई नसली तरी जावं की बाजाराच्या दिवशी हेमराजकडे. जसोदाबाई काय हाकलून देणार आहे? पण आमच्याकडच्या मोठ्या शेतकरी घरांतल्या बायका तशा जात नाहीत. दुसऱ्याच्या ओट्यावर बसायला काम लागतं. दळण, निवडण, शिवायला टाकलेला ब्लाउज, काहीतरी हातात हवं. नुसती बसायला आली म्हटलं की घरात काही बिनसलंय असा अर्थ होतो, आणि विधवा बाई असेल तर लोक आणखी अर्थ काढतात. शीलाबाईंच्या सासूने त्यांना हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं आणि सासू जाऊन किती वर्षं झाली तरी धडा तसाच होता.

त्या दुपारी मी निघताना जसोदाबाईने विषय काढलाच. "बाई, आते सुरतनं पाकीट येई. तुमी कसाले येशात आठे?"

शीलाबाई मेथीच्या काड्या गोळा करत होत्या. म्हणाल्या, "काम नही, ते कसी येऊ?"

हेमराज उठला आणि काळा रंग मारायला गेला.

भाग्येश पुढच्या रविवारी पाकिटाचं चित्र छापून घेऊन आला. आईने एकदा हो म्हटलं की सिलिंडर खोदायला जाणार होते, आणि खोदल्यावर बदल करता येत नाही. म्हणून आधी आईने बघून सही करायची. दोघं पुन्हा माझ्याच दुकानात बसले. शीलाबाईंनी चित्र दूर धरलं, जवळ धरलं, मग म्हणाल्या, "हाई मिरची जरासी काळी दिखी ऱ्हायनी."

भाग्येश मिरची उजळून घेऊन आला. त्या म्हणाल्या, कोथिंबीर सुकलेली वाटते. तो कोथिंबीर बदलून आला. त्या म्हणाल्या, नाव जरा वर घे. दर खेपेला तो आदल्या रात्री घरी मुक्कामाला यायचा आणि त्या त्याच्यासाठी कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करायच्या. चेतनाही एकदा आली. माझ्या लक्षात आलं, हा सुरतेचा रंगही काकू सुकू देत नाहीयेत. मी गप्प बसलो. मी गप्प बसलो म्हणून शिखाने मला ताप तर नाही ना, विचारलं.

पण भाग्येशच्या सुट्ट्या संपत आल्या होत्या आणि दुकानवाले घाई करत होते. एका रविवारी तो आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. "आई, हाई शेवटलं. आते तुले पटनं नही, ते मी त्यासले नको सांगी देस. नही ते पुढलं मोबाइलवर दखाडसू." रागात नव्हता बोलत. थकला होता.

शीलाबाईंना कळलं. आता नाही म्हटलं तर मुलाचे हेलपाटे पाण्यात जाणार, आणि कधी नव्हे ते आईच्या कामात जीव घातला त्याचा अपमान होणार. हो म्हटलं तर तोही येणार नाही आणि हेमराजचा ओटाही बंद. माझ्या गल्ल्यावर त्यांनी चित्र पसरलं आणि दोन्ही हातांनी त्याच्या कडा दाबून धरल्या. पेन मीच दिलं.

मग पाकिटाच्या मागच्या बाजूला, बारकोडच्या खाली त्यांनी बोट ठेवलं. तिथे एक पांढरी चौकट होती, आत काहीच नव्हतं.

"हाई कोरी जागा कसाले सोडी?"

"तारीख, बॅच, किंमत," भाग्येश म्हणाला. "ते दर येळे बदलस ना आई. सिलिंडरमा खोदता येस नही. ते मांगेतून टाकनं पडस."

"दर येळे?"

"हा, दर येळे."

"हातवरी?"

"हातवरी, नही ते मशीनवरी. बारकं काम शे ते."

शीलाबाईंनी बोट चौकटीवरून फिरवलं, चारही बाजूंनी. मग म्हणाल्या, "ती जागा जरासी मोठी कर." आणि सही केली. लवंगा आहेत की नाहीत, हेसुद्धा बघितलं नाही. भाग्येश माझ्याकडे बघायला लागला. मी खडीसाखरेची बरणी पुसत होतो.

पाऊचं आली तेव्हा त्यांच्या पुढच्या खोलीत खोक्यांची भिंत उभी राहिली. खिडकी झाकली गेली. मी बघायला गेलो होतो. एकेक पाऊच आरशासारखं, मिरची रेघेच्या आत, सगळी सारखी. किती वर्षं पुरतील, विचारलं तर त्या म्हणाल्या, "मन्हा मांगेबी पुरतीन." त्यांना त्यात दुःख वाटलं नाही, नुसता हिशोब सांगितला. मला मात्र त्या खोलीत बसवेना.

भाग्येशने आईला त्रास नको म्हणून तारीख छापायचं छोटं मशीनही पाठवलं. हातात धरायचं, पाऊचवर टेकवायचं, दाबलं की तारीख उमटते आणि उमटल्या क्षणी सुकते. पुढच्या बाजाराला शीलाबाई ते मशीन खोक्यासकट माझ्या दुकानात घेऊन आल्या. घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

"तुन्हा दुकानमा ऱ्हाऊ दे हाई मशीन. माले चालाडता येस नही."

चक्की दुरुस्त करणारी बाई, तिला एक बटण दाबता येत नाही! पण मी मशीन ठेवून घेतलं. आता माझ्या डाळीच्या पाकिटांवर मी त्यानेच तारीख टाकतो. भाग्येशने मध्ये फोन करून विचारलं, काका, मशीन नीट चालतंय ना? मी म्हटलं, एकदम झकास. खोटं काहीच बोललो नाही.

मशीन ठेवून त्या उठल्या. पिशवीत सुरतेच्या पाऊचची छोटी चळत होती, आठवड्यापुरती. गल्लीकडे वळताना म्हणाल्या, "तारीख टाकानी ऱ्हायनी शे. हेमराजकडे जास." हातात काम होतं, म्हणून चाल सरळ होती.

मला राहवलं नाही. दुपारी मी पिशव्या आणायच्या निमित्ताने गेलो. पाऊचं दोऱ्यांवर उलटी टांगलेली, पाठ वर करून. मिरची कुठेच दिसत नव्हती, नुसत्या पांढऱ्या चौकटी आणि त्यांत काळी तारीख. दोघी गवारी मोडत बसल्या होत्या. कालव्यावरच्या दुसऱ्या कुठल्या साहेबाची गोष्ट चालली होती.

मी हेमराजला हळूच म्हटलं, "तारखेला कितीसा वेळ लागतो? ही बाई संध्याकाळपर्यंत काय करणार?"

हेमराज शाई ढवळत होता. लाल. "तारीख काळामा," तो म्हणाला, "आणि किंमत लालमा. पयले काळा सुकी, मंग लाल." त्याने डब्यात ते पातळ औषध ओतलं. "बॅच नंबर हिरवामा पाहिजे, आसं वहिनी सांगी ऱ्हायन्यात. पुढला बाजारपासून."

संध्याकाळी मी दुकान आवरत असताना त्यांची एसटी स्टँडातून बाहेर वळली. शीलाबाई खिडकीशी होत्या, मांडीवर पाऊचची चळत. "जिनेशभाऊ, जास मी!" त्यांनी भर रस्त्यात हाक मारली. आवाज कुठेही फाटला नाही. गाडीत त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती. घरी कुलूप उघडलं की पुढच्या बाजारापर्यंत हा आवाज ऐकायला कुणी नसणार, ते मला माहीत होतं. मी हात वर केला, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत खाली घेतला नाही.